आधी त्यांनी यायचं

२ फेब्रुवारी, सकाळ
नाका उघडतोय. एक मार्चपासून. अकरा वर्षांनी. व्हिसाबिसा काही नाही, नाक्यावरच सात दिवसांचा परवाना मिळणार. पेपरात अर्धं पान आलंय. शेजारी देशांमधलं टुरिझम वाढतंय, लोक लांबच्या सहली सोडून जवळचा शेजार बघायला लागलेत, पुढचा ट्रेंड हाच. खाली एका तज्ज्ञाने रडगाणं गायलंय की रस्ते, पूल, काउंटर, स्वच्छतागृहं, कशाचीच तयारी नाही. तज्ज्ञांना दुसरं येतं काय.

माझी तयारी आहे. नाक्यावरून गावात येताना पहिली इमारत माझी. अकरा खोल्यांचा लॉज. पलीकडून येणाऱ्याला माझ्या दारावरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

पलीकडच्यांबद्दल माझं मत गावाला ठाऊक आहे. चिकट, खवचट आणि कायम नाक वर. त्यांचं घड्याळसुद्धा आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं. कसली एवढी घाई असते कोण जाणे. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. तोंडावर हसायचं, मनातलं मनात.

संकल्प. रोजनिशी रोज लिहिणे. न चिडणे. आणि सर्वात महत्त्वाचं, आपण पलीकडे पाऊल टाकायचं नाही. आधी त्यांनी यायचं.

५ फेब्रुवारी
दोन दिवस लिहिणं झालं नाही. कारण बायको.

बायको मूळची पलीकडची. आमचं लग्न झालं तेव्हा नाका म्हणजे एक आडवा दांडा आणि दांड्यापाशी झोपलेला एक शिपाई. मग दोन सरकारांचं बिनसलं, नाका बंद झाला आणि त्याबरोबर तिचं माहेरही. तिकडे तिचा एकच भाऊ. त्याचाही लॉज. मी त्याला टापटीप म्हणतो, कारण हा माणूस चहा पिण्याआधी रुमालाने कपाची कड पुसतो. माझ्या घरी. माझ्या देखत.

नाका बंद व्हायच्या पंधरा दिवस आधी टापटीप माझ्याकडे दोन दिवस राहून गेला. पाहुणचारात काही कमी केलं नाही. आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहून गेला, 'पाणी नाही. टॉवेल ओला.' ज्या वहीत त्याच महिन्यात एका निवृत्त न्यायाधीशांनी 'ठीक' असं लिहिलं होतं. ते पान मी फाडून कपाटात कुलपात ठेवलंय. वेळ आली की त्याच्या तोंडावर मारणार.

तर बायको विचारते, एक तारखेला मी दादाकडे जाऊन येऊ का. मी म्हणालो, आधी त्याला येऊ दे. इथली गर्दी बघू दे, वहीत नवी ओळ लिहू दे, मग तुझं बघू. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

११ फेब्रुवारी
सीमा पर्यटन स्वागत समितीची बैठक. अध्यक्ष मी. दुसरं कोणी तयारच झालं नाही, त्यामुळे एकमताने. सचिव आपला औषधवाला.

औषधवाल्याने ठराव मांडला की मिळालेल्या निधीतून नाक्यावर आठ स्वच्छतागृहं बांधावीत. पलीकडे म्हणे आठ बांधून तयार आहेत, आरशांसकट. मी कडाडून विरोध केला. सुरक्षा, दुर्गंधी, देशाची प्रतिमा, सगळं बोललो. औषधवाला म्हणाला, लोकांचे हाल होतील. मी म्हटलं, हाल पलीकडच्यांचे होतील, तुझ्या पोटात का दुखतंय?

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. दोन-तीन तास लाइनीत उभा राहिलेला माणूस नाक्यावरून सुटला की कुठे जाईल? पहिल्या इमारतीत. एकदा तो आत आला, हात धुऊन पंख्याखाली बसला, की त्याला खोली घ्यायला लावणं माझ्या हातचा मळ आहे. याला दूरदृष्टी म्हणतात.

ठराव पडला. निधीतून नाक्याच्या तोंडाशी स्वागत कमान उभारायचं ठरलं. डिझाइन माझं.

२० फेब्रुवारी
तयारी जोरात. पाटी नव्याने रंगवली. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द वाढवला. पेंटरने तो इतका दणदणीत काढला की 'लॉज'ला जागाच उरली नाही. ते बाजूच्या भिंतीवर लिहिलंय. वळून बघितलं की दिसतं.

बायकोने सुचवलं की काउंटरवर दोन घड्याळं लावू, एक आपलं, एक तिकडच्या वेळेचं. पाहुण्यांना सोयीचं पडेल. माझ्या भिंतीवर त्यांची वेळ चालणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. इथे यायचं तर आपलं घड्याळ मागे करून यावं.

नंतर बघतो तर तिच्या मनगटावरचं घड्याळ अर्धा तास पुढे. विचारलं, हे काय? म्हणाली, असंच.

१ मार्च, दुपार
उद्घाटन झालं. कमान देखणी. पाहुण्यांनी फीत कापली आणि पहिलाच मालाचा ट्रक कमानीत अडकला. उंची थोडी कमी पडली. यात डिझाइनचा दोष नाही, ट्रकवाल्यांनी माल किती भरावा याला काही सुमार असतो.

पूल एकपदरी. तिकडून तीन बस आल्या, इकडून पाच गेल्या, मधोमध तोंडाला तोंड. मागे कोण घेणार? त्यांनी घेतली नाही, उद्धट जात. आपल्यांनीही घेतली नाही, ते योग्यच केलं.

काउंटर दोन, चालू एक. दुसऱ्याचा शिक्का अजून आलेला नाही. चालू काउंटरवर जो बसतो त्याला सगळे शिक्केवाला म्हणतात. शिक्का उचलण्याआधी तो प्रत्येक वेळी चष्मा पुसतो.

दिवसभरात पलीकडून आलेले पर्यटक, शून्य. ट्रेंडला वेळ द्यावा लागतो.

४ मार्च
आले! पहिली बस. चाळीस माणसं, सगळी माझ्याच दाराकडे, आणि चक्क धावत. बायकोला हाक मारून दाखवलं. म्हटलं, बघ, तुझी माणसं कशी पळत येतायत माझ्याकडे.

मी रजिस्टर उघडून पेन पुढे केलं. एका बाईंनी ते बाजूला सारलं आणि जे विचारायचं ते विचारलं. सगळ्यांनी तेच विचारलं. वीस मिनिटांत पूर्ण बस रिकामी होऊन निघून गेली.

एक वयस्क गृहस्थ मात्र पंख्याखाली बसले. म्हणजे प्लॅन बरोबर आहे. मी खोलीचा विषय काढेपर्यंत त्यांची बस सुटली. शेवटचा टप्पा तेवढा सुधारायला हवा.

९ मार्च
रोज तेच. नाक्यावर कोणीतरी खडूने बाण काढून माझ्या लॉजकडे 'स्वच्छतागृह' असं लिहिलंय. शिक्केवाल्याला जाब विचारायला गेलो. त्याने मानही वर केली नाही. चष्मा पुसत म्हणाला, तुम्हीच तर इथे नको म्हणालात.

खोल्या झाडणारे मामा वीस वर्षांची नोकरी सोडून गेले. म्हणाले, मी लॉजवर कामाला लागलो होतो, हे वेगळंच काम आहे. त्यांच्या जागी सध्या बायको बघते. तात्पुरतं. मी काउंटर सोडू शकत नाही, कोणी खोली मागितली तर?

१४ मार्च
चीड येणारी गोष्ट. पलीकडून दिवसाला एखादी बस येते आणि इकडून आपले लोक सात-सात बस भरून जातायत. तिकडे आहे काय बघायला? तीच नदी, फक्त चुकीच्या बाजूने.

औषधवाला फॅमिली घेऊन दोन दिवस जाऊन आला. उतरला कुठे? टापटीपकडे. इथे येऊन अर्धा तास वर्णन. सकाळी गरम पाणी, कोरडे टॉवेल, प्रत्येक खोलीत दोन घड्याळं, एक त्यांचं आणि एक आपलं. म्हणाला, वहिनींची फार आठवण काढतात हो त्यांचे दादा. मी म्हटलं, मग येत का नाही? तर म्हणे, बोलावलं तर येतो म्हणाले.

बोलावलं तर! नाकाने कांदे सोलायची सवय जात नाही माणसाची.

हे बायकोला सांगितलं नाही. ती आतल्या दाराशी बादली घेऊन उभी होती. ऐकलं असेल, नसेल.

१९ मार्च
टाकी भरली. जास्त तपशील लिहीत नाही. पंचक्रोशीत मैला उपसणारी गाडी एकच, ती पलीकडच्या गावात. मन मारून बोलावली. त्यांनी पाठवलीही, लगेच, हेही एक नाटकच. गाडी पूल ओलांडून आली आणि कमानीखालून आत येईना. ड्रायव्हर उतरला, कमानीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गाडी मागे घेतली.

लॉज बंद ठेवलाय. दुरुस्तीसाठी, अशी पाटी लावलीय.

दुपारी बायको हात धुऊन आली आणि म्हणाली, मी दोन दिवस दादाकडे जाते. मी म्हणालो, आधी त्यांनी यायचं असं ठरलंय. म्हणाली, तुमचं ठरलंय. मी म्हणालो, जायचं तर जा, पण मी आणायला येणार नाही. तिने लहान पिशवी भरली. "बरं," एवढंच म्हणाली. इतकं शांत म्हणाली की मला भयंकर राग आला. भांडली असती तर थांबवता तरी आलं असतं.

२१ मार्च
दोन दिवस झाले. संध्याकाळपर्यंत येईल. साखर सापडत नव्हती. सापडली. चहाच्या डब्याशेजारीच होती.

२३ मार्च
पूल जाम असणार.

२५ मार्च
फोन केला. टापटीपने उचलला, मी ठेवला. पुन्हा केला, तिने घेतला. म्हणाली, परवाना वाढवून मिळतो. मी म्हणालो, माझी तब्येत उत्तम आहे, काळजी करू नको. विचारलं नव्हतं, पण मनात असणारच.

एकट्याने बरं वाटतंय. शांतता आहे. टाकी तशीच आहे.

२८ मार्च
अध्यक्ष या नात्याने पलीकडच्या नाक्याची पाहणी करायला हवी, असं लक्षात आलं. हे संकल्पाच्या विरोधात जात नाही. पाहणी म्हणजे जाणं नव्हे.

फाटक पाचला बंद होतं. पावणेपाचला पोचलो. बंद. शिक्केवाला म्हणाला, पलीकडचे त्यांच्या पाचला बंद करतात, तेव्हा इकडे साडेचार वाजलेले असतात, मग आम्ही उघडं ठेवून करणार काय? मी म्हणालो, मी त्यांची वेळ मानत नाही. तो म्हणाला, फाटक मानतं.

परत आलो. वाटेत माझी पाटी दिसली. ढगांमुळे असेल, फिकी वाटली.

३० मार्च
सविस्तर लिहिणं भाग आहे.

सकाळी चहा केला. दोघांच्या मापाने झाला, सवय. टाकायला जिवावर आलं म्हणून सगळा प्यायलो. वर आणखी एक कप. नऊला लाइनीत उभा राहिलो.

परवान्याच्या फॉर्मवर 'भेटीचा हेतू' असा रकाना. मी 'पाहणी' लिहिलं. शिक्केवाला म्हणाला, चौकोन तीनच आहेत, व्यापार, उपचार, पर्यटन. उपचारावर हात गेला होता. पर्यटनावर खूण केली.

अकराच्या सुमाराला अडचण जाणवू लागली. बाराला ती गंभीर झाली. शिक्केवाल्याकडे जाऊन हळू आवाजात विचारलं. तो पहिल्यांदा मान वर करून बघत राहिला. मग म्हणाला, "आहे ना. तुमच्या लॉजवर. दीड किलोमीटर. पण लाइन सोडली तर पुन्हा शेवटून."

मागे उभ्या असलेल्या लोकांना हसायला काय झालं, कळलं नाही. माझा लॉज बंद आहे हे त्यांना ठाऊक असावं.

एक वाजता शिक्का मिळाला. पूल पायी ओलांडला, छोटी छोटी पावलं टाकत. पलीकडच्या फाटकातून आत शिरलो तर बँड वाजायला लागला. हातात गुच्छ कोंबला, गळ्यात पट्टा अडकवला. मी पाच हजारावा पर्यटक निघालो. त्यांचा अधिकारी हात सोडेना. आमच्या देशाबद्दल दोन शब्द बोला, म्हणाला. मी म्हणालो, आधी मला जाऊ द्या. त्यांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या. फोटो काढले. बरेच काढले.

मग आठ दारं. स्वच्छ. पाणी होतं, साबण होता, आरसा होता. आरशात एक म्हातारा माणूस गुच्छ घेऊन उभा होता. मला तिथे रडू आलं. थकवा होता. चार तास उभं राहिलं की होतं असं.

३१ मार्च, टापटीपचा लॉज, खोली चार
गरम पाणी आहे. हे मान्य करावं लागेल. भिंतीवर दोन घड्याळं.

टापटीप म्हातारा झालाय. मला बघून आत गेला. चहा आणला, कपाची कड पुसली आणि तो कप माझ्यापुढे ठेवला. मग स्वतःचा पुसला. मला आजवर वाटायचं, ते मला हिणवायला होतं.

मी ते पान खिशात घालून आणलं होतं. टेबलावर आपटायचं असं ठरवलं होतं, पण फक्त ठेवलं गेलं. बायकोने उचलून वाचलं. "अकरा वर्षं हे जपून ठेवलंत?"

मी म्हणालो, हो, खोटं होतं म्हणून.

"त्या दिवशी पाणी होतं का?"

"मोटर बिघडली होती."

"म्हणजे नव्हतं."

मी म्हणालो, टॉवेल तरी ओला नव्हता.

"ओला होता," ती म्हणाली. "मीच दिला होता. घरात दुसरा नव्हता."

टापटीप उठून बाहेर गेला. असं उठून जाणं त्याला जमतं.

मी म्हणालो, चल आता, घर तसंच पडलंय. ती म्हणाली, माहीत आहे, मीच आवरत होते. तिकडे येईन तर पाहुणी म्हणून येईन, दुसरं कशाला येणार नाही. रागावून म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती पान नीट घडी घालत होती.

२ एप्रिल
परतलो. शिक्केवाल्याने विचारलं, एकटेच? मी सांगितलं, ती तिकडच्या पर्यटनाचा अभ्यास करतेय. त्याने चष्मा पुसला आणि काही म्हणाला नाही. त्याच्या न बोलण्याचासुद्धा मला राग येतो.

९ एप्रिल
पलीकडच्यांनी पोस्टर छापलंय. 'शेजारी या, हसत या.' मधोमध मी, गुच्छासकट, दात आवळलेले. आपल्याही नाक्यावर त्यांनी ते लावलंय, करारात तशी तरतूद आहे म्हणे. लाइनीतले लोक चेहरा ओळखतात आणि कशामुळे तसा झालाय तेही ओळखतात.

समितीची बैठक घेतली. नाक्यावर स्वच्छतागृहं हवीत असा ठराव मीच मांडला. आठ नव्हे, नऊ. औषधवाला नुसता बघत राहिला. मूळ कल्पना माझीच होती, फेब्रुवारीत तपशिलावरून मतभेद झाले एवढंच. निधी संपलाय, म्हणून कमान उतरवून तिच्या विटा वापरायचं ठरलं. ट्रकवाले येऊन फुकट मदत करून गेले. गाडी आत आली, टाकी रिकामी झाली.

१८ मे
नऊच्या नऊ तयार. आरसे बसले. खडूचा बाण पुसला गेला.

आता माझ्याकडे कोणी धावत येत नाही. चालतही येत नाही. बस सरळ पुढे निघून जातात. मध्यंतरी त्या धावपळीचा मला फार संताप यायचा. आता दुपारी काउंटरवर बसलं की पंख्याचाच आवाज.

मोटर नवी बसवली. टॉवेल आणले, दोन डझन. उन्हात वाळवतो. यात विशेष काही नाही, नेहमीची देखभाल.

२४ मे
पहिला परदेशी पर्यटक अखेर मुक्कामाला आला.

काल दुपारी पलीकडची बस दारात थांबली. सगळे बसून राहिले, एकच जण उतरलं. पिशवी लहान. मी उभा राहिलो. तिने आधी आत जाऊन नळ सोडून बघितला, मग काउंटरवर आली आणि रजिस्टर मागितलं. म्हटलं, तुला कशाला रजिस्टर? म्हणाली, सगळ्यांना असतं ना? नाव लिहिलं. पत्त्यात टापटीपचा पत्ता. मुक्काम, एक दिवस. भेटीचा हेतू, पर्यटन.

खोली एक दिली. टॉवेल मीच नेऊन ठेवला. सकाळी चहा केला. कपाची कड पुसून दिला. तिने बघितलं आणि कप उचलला.

निघताना तिने अभिप्रायाची वही मागितली. मी पाठ करून उभा राहिलो. ती गेल्यावर वाचलं. 'पाणी आहे. टॉवेल कोरडा. चहात साखर जास्त.'

बस अकराला सुटायची होती. माझ्या भिंतीवर साडेदहा वाजले होते. मी म्हणालो, अजून अर्धा तास आहे, थांब जरा. तिने मनगट पुढे केलं. तिच्याकडे अकरा वाजले होते, आणि बस त्यांची होती.